लिहिण्याविषयीची पुस्तकं वाचते, लिहीत मात्र नाही

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका ताईंचं हे पत्र. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, नोकरी सुताच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्याची. वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आई घरी विड्या वळायची. त्या दोघांवर आणि आपल्या गल्लीवर लिहावं असं ताईंच्या मनात फार दिवसांपासून आहे. त्यासाठी लेखनकलेवरची इंग्रजी-मराठी पुस्तकं त्या जमवतात. वाचताना हुरूप येतो. टिपणं काढून दोन जाड वह्या भरल्यात. स्वतःचं लिहिणं मात्र दीड पानापुढं सरकत नाही. मैत्रीण म्हणते, "पुस्तकं वाचून कोण लेखक झालंय ओ?" एका कार्यक्रमात एका लेखकांनी "लेखन शिकवता येत नाही, ते आतून यावं लागतं" असं सांगितल्यापासून त्या खचल्या आहेत. एका पुस्तकातला "लिहिल्याशिवाय तुला जगता येईल का?" हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, तर प्रामाणिक उत्तर "येईल की" असं आलं. आपलं मराठी 'शुद्ध' नाही, याचाही संकोच आहे. आता पुस्तकं देऊन टाकावीत, पैसे भरून ऑनलाइन वर्ग लावावा, की चाललंय ते चालू द्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे. वडिलांवर लिहिलेलं एक छोटं टिपणही त्यांनी सोबत जोडलंय.

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात 'लाज वाटते' हे शब्द दोनदा आलेत. एकदा पुस्तकांवर पैसे घातल्याची लाज आणि एकदा धीर पुस्तकातून घ्यावा लागतो याची. पहिल्या लाजेचं उत्तर सोपं आहे. साडीवर घातले असते तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. दुसरीबद्दल जरा सविस्तर बोलू.

"आतून यावं लागतं" हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण त्यावर माझा विश्वास नाही. गाणाऱ्याला आपण कौतुकानं विचारतो, तुमचे गुरू कोण, किती वर्षं तालीम घेतली. लिहिणाऱ्यानं शिकायचं नाव काढलं की लगेच त्याच्या प्रतिभेवर शंका. हे कुठून आलं कोण जाणे, कारण आपल्या परंपरेत तसं नव्हतं. समर्थांच्या दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास आहे. अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सरळ याव्यात, शाई-लेखणी कशी ठेवावी, इतक्या बारकाव्यानं. तो समास पोथी उतरवून काढण्याबद्दल आहे, कथा रचण्याबद्दल नाही, हे मान्य. पण लिहिणं हे हातानं करायचं आणि शिकून घ्यायचं काम आहे, ही समज त्यात स्वच्छ दिसते. पुढं ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची रीतसर मांडणी केली. ती पटो न पटो, ज्या माणसाच्या कादंबऱ्यांवर उभा महाराष्ट्र भाळला होता त्याला तंत्रावर बोलण्यात कमीपणा वाटला नाही. कार्यक्रमातल्या त्या लेखकांना बहुधा इतकंच म्हणायचं असावं की काय सांगायचं ते दुसरा कुणी देऊ शकत नाही. ते खरं आहे. पण कसं सांगायचं ते त्यांनाही कुणीतरी शिकवलं असणारच. एखाद्या संपादकानं, एखाद्या मित्रानं, नाहीतर वाचलेल्या शंभर पुस्तकांनी.

आता तो "जगता येईल का" वाला प्रश्न. त्यानं तुम्हाला उगाच छळलंय. मूळ गोष्ट अशी आहे: फ्रान्झ काप्पुस नावाच्या, लष्करी शाळेत शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलानं आपल्या कविता रिल्के या जर्मन भाषेतल्या कवीकडे पाठवल्या आणि कशा आहेत ते विचारलं. रिल्केनं गुण द्यायला नकार दिला. लोकांना विचारत फिरू नकोस, स्वतःच्या आत बघ, लिहिणं भागच आहे का ते तपास, असं १९०३ च्या फेब्रुवारीत कळवलं. १९०८ पर्यंत अशी दहा पत्रं गेली. रिल्केच्या मृत्यूनंतर, १९२९ साली, काप्पुसनं ती छापली. म्हणजे जो पोरगा सारखा दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता, त्याला तिथून वळवण्यासाठी तो प्रश्न होता. तुम्ही तो प्रवेशपरीक्षेसारखा सोडवलात आणि स्वतःला नापास केलंत. नोकरीशिवाय, घरच्यांच्या दुखण्याखुपण्याशिवाय तुम्हाला जगता येणार नाही आणि लिहिल्याशिवाय येईल. तरीही लिहायचंय. पुरे की तेवढं.

पुस्तकं नेमकी काय देतात ते आता बघू, कारण खरा गुंता इथं आहे असं मला वाटतं. तुमच्या वह्यांतली जी पानं तुम्ही फोटो काढून पाठवलीत, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्यात: धीर आणि मार्गदर्शन. डोरोथिया ब्रँड या अमेरिकन बाईंनी १९३४ सालीच नव्या लेखकांसाठीच्या आपल्या पुस्तकात हा फरक मांडला होता. नवशिक्याच्या अडचणी तंत्राच्या आधीच्या असतात, असं त्यांचं म्हणणं. भीती वाटणं, बसायलाच न जमणं, एकदा जमलं तर दुसऱ्यांदा जमेल का ही धास्ती. तंत्र शिकवणारे तिथून पुढं सुरुवात करतात, म्हणून माणूस शिकूनही कोरडा राहतो.

धीर देणाऱ्या पुस्तकांत ॲन लॅमॉट यांचं 'बर्ड बाय बर्ड' (१९९४) मी वर ठेवते. नावामागची हकीकत तुम्ही टिपून ठेवलीच आहे: दहा वर्षांचा भाऊ, पक्ष्यांवरचा शाळेचा प्रकल्प, हाताशी तीन महिने होते आणि उद्या द्यायचाय, पोरगा रडकुंडीला आलेला, वडील शेजारी बसून म्हणतात, एकेक पक्षी घे. लॅमॉट बाई दुसरंही एक सांगतात, की पहिला खर्डा सगळ्यांचाच भिकार असतो, नामवंतांचाही. असं पुस्तक रात्री अंथरुणात वाचावं, पुन्हा वाचावं, त्यातून काही 'शिकलो' का याचा हिशेब ठेवू नये. त्याचं काम तुम्हाला उद्या सकाळी वहीपर्यंत नेण्याचं आहे, ते झालं की झालं.

मार्गदर्शनाचं तसं नाही. संवाद कसे लिहावेत हे प्रकरण तुम्ही तीन पुस्तकांत वाचलंत, तिन्हींची टिपणं काढलीत, आणि एकही संवाद लिहिलेला नाही. मग ते सांगणं राहणार कुठं? ते धीर म्हणूनच वाचलं जातं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आठवड्यानं उतरतं, मग नवं पुस्तक लागतं. पुस्तक उत्तर देतं ते प्रश्नाला, आणि प्रश्न तुमच्या अर्धवट लिहिलेल्या पानातूनच निघायला हवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं त्याचा तपशील.

तुमचंच टिपण घेऊ. तुम्ही परवानगी दिलीय म्हणून इथं देते:

"माझ्या वडिलांनी अत्यंत कष्टाने संसार केला. त्यांचे जीवन संघर्षमय होते. यंत्रमागाच्या कर्कश आवाजात त्यांनी आपले उभे आयुष्य वेचले. घरी आल्यावरही ते ओरडूनच बोलत, त्यामुळे शेजारच्यांना वाटे, यांच्या घरी रोज भांडण असते."

पहिली तीन वाक्यं दहावीच्या निबंधातली आहेत. ती कुणाच्याही वडिलांना लागू पडतात. रिक्षावाल्याच्या, पोस्टमनच्या, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या माणसाच्याही. 'यंत्रमाग' तेवढा बदलायचा. यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे लिहिण्याचं शिक्षण म्हणजे निबंध, आणि 'संघर्षमय', 'अविस्मरणीय', 'उभे आयुष्य वेचले' हे शब्द निबंधात गुण मिळवून देतात.

चौथं वाक्य मात्र तुमच्याशिवाय कुणाला लिहिता आलं नसतं. मागाच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलायची सवय, त्यातून मंद झालेले कान, घराची पातळ भिंत, शेजाऱ्यांचा गैरसमज, आणि तो रोज सोसणारं कुटुंब. सगळं एका वाक्यात आलं, तेही 'कर्कश' न म्हणता. वहीत तुम्ही लाल पेनानं लिहून ठेवलंय की सांगू नका, दाखवा. हेच ते दाखवणं. तुम्ही नियम न आठवताच ते केलंत, आणि त्याच्या आधीची तीन वाक्यं लिहिताना तो नियम पाठ असूनही मोडलात.

आता या वाक्याला प्रश्न विचारा. वडील ओरडून काय बोलत? जेवण मागत, की मुलांचा अभ्यास घेत? ते तेलुगूत बोलत आणि शेजारी कन्नड किंवा मराठी असतील, तर त्यांना नुसता सूरच ऐकू जात असणार; शब्द कळले असते तर भांडण वाटलं असतं का? आई काय करायची? तीही आवाज चढवायची, की मांडीवरच्या सुपातली तेंदूची पानं कापत गप्प बसायची? सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना वडील हळू बोलत का? गल्लीत लाइट गेली आणि सगळ्या कारखान्यांचे माग एकदम थांबले की पहिला आवाज कुणाचा यायचा? यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पानभर होईल. ते पान लिहा, मग तुमच्या कपाटातल्या पुस्तकांतलं संवादाचं प्रकरण उघडा. तीच ओळ, जी दोनदा अधोरेखित केलीत, ती तेव्हा वेगळी वाचली जाईल.

इंग्रजी पुस्तकांबाबत एक सावधगिरी. हिंमत, सवय, गोष्टीची बांधणी याबद्दलचं सांगणं भाषा ओलांडून येतं. वाक्याबद्दलचे नियम तसे येत नाहीत, ते पारखून घ्यावे लागतात. स्टीफन किंग यांचं 'ऑन रायटिंग' (२०००) तुमच्या यादीत आहे. उत्तम पुस्तक आहे. दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी लहान हवा हा त्यातला हिशेब मराठीलाही चालतो. सहाशे शब्दांचा मजकूर असेल तर साठ शब्द काढा, बहुतेकदा लेख सुधारतोच. पण क्रियाविशेषणांवर त्यांचा जो राग आहे तो इंग्रजीतल्या एका ठराविक ठेवणीच्या शब्दांवरचा आहे. आपल्याकडे खटाखट, गुपचूप, तरातरा, टकामका हेही क्रियाविशेषणंच. ती काढली तर मागाचं आणि माणसांचं वर्णन निम्मं होईल. वहीत तुम्ही 'क्रियाविशेषणे टाळणे' असं लिहून चौकट केलीय. ती चौकट खोडा. त्यापेक्षा 'अत्यंत', 'अतिशय', 'खूपच' एवढ्यांवर डोळा ठेवा.

शुद्धलेखनासाठी मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण आणि अरुण फडके यांचा लेखन-कोश ही दोन पुस्तकं जवळ असली की झालं. पण ती शेवटच्या हाताला. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलात तर वडील तोंड उघडायच्या आत पान संपेल. आणि आपलं मराठी शुद्ध नाही हा संकोच सोडा. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचेच, जन्म १९३२ चा. नोकरी वनखात्यात, आणि लिहिणं त्या नोकरीतून, जंगलातून आलेलं. पक्ष्यांची, झाडांची कितीतरी नावं त्यांनी रानातल्या माणसांकडून ऐकली आणि मराठीत आणली. २००६ साली सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. तुमच्या गल्लीत कांडी भरणारी बाई, मागावर नक्षी बसवणारा जेकार्डवाला आणि विड्यांची मोजणी करणारा माणूस जे शब्द वापरतात, ते मराठी पुस्तकांत फारसे आलेले नाहीत. ते तुमच्याकडे आहेत. आयते.

खोली नाही, टेबल नाही, वेळ नाही, असंही तुम्ही लिहिलंय. परदेशातल्या पुस्तकांत सगळ्यांकडे डोंगरातलं घर आणि खिडकीसमोरचं मेज असतं, असा तुमचा समज दिसतो. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ साली बाईला लिहायला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत असं मांडलं, ते बायकांना ते का मिळत नाही याबद्दलच्या रागातून. खोली मिळेपर्यंत लिहू नका, असा त्याचा अर्थ नाही. आणि किंग तर पूर्वी कारखानावजा धोबीखान्यात इस्पितळांच्या चादरी धूत होते. छापून आलेली पहिली कादंबरी लिहिली तेव्हा शाळेत मास्तर होते, चाकांवरच्या घरात, कपडे धुण्याच्या कोपऱ्यात, लहान मुलाचं मेज मांडीवर घेऊन बायकोच्या टंकलेखन यंत्रावर लिहीत. पहिली काही पानं त्यांनी केराच्या टोपलीत टाकली होती; बायकोनं ती काढून वाचली आणि पुढं लिहायला लावलं. हे सगळं त्यांनीच त्या पुस्तकात सांगितलंय. वह्यांत तुम्ही ते टिपलेलं नाही, नियम तेवढे टिपलेत.

वेळेचं बघा. ब्रँड बाई सांगतात, रोज नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठा, कुणाशी बोलू नका, पेपर उघडू नका, थेट लिहा. आणि ठरवलेली वेळ वारंवार पाळता आली नाही तर लिहिणंच सोडा, असं पुढं बजावतात. त्यांच्या घरचा नळ सोलापूरचा नव्हता. ती धमकी मनावर घेऊ नका. पण कल्पना चांगली आहे. तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या दिवशी पहाटे चारलाच जाग ठेवावी लागते, पिंपं भरेपर्यंत झोपता येत नाही. पाणी येईपर्यंतचा तो वेळ तुमचा आहे, घरात कुणी तुम्हाला काही मागत नाही. तीन-चार दिवसांतून एकदा का होईना, तेव्हा वही घ्या. रोज लिहिलं तरच लेखक, हा नियम ज्यांचा स्वयंपाक दुसरं कुणी करतं त्यांनी केलेला आहे.

आता तुमचे तीन पर्याय. पुस्तकं देऊन टाकू नका. पण सध्या नवं घेऊ नका, आणि तिसरी वही अजिबात सुरू करू नका. जुन्या दोन वह्यांतून फक्त असे मुद्दे निवडा ज्यांचा तुमच्या दीड पानाशी काही संबंध लागतो. प्रत्येकाशेजारी स्वतःच्या लिखाणातलं एक वाक्य लिहा, नियमाआधीचं आणि नंतरचं. ज्याच्यापुढं वाक्य सुचत नाही तो मुद्दा आज तुमच्या कामाचा नाही. पुढंमागं होईल.

वर्गाचं म्हणाल तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: माझं लिखाण कुणी वाचून, त्यावर खुणा करून परत देणार आहे का, आणि किती पानं? नुसती व्याख्यानं असतील तर ती तुमच्या दोन वह्यांत आधीच आहेत. वाचून देणार असतील आणि फी झेपत असेल तर जरूर लावा. नाहीतर एक वाचक शोधा. साहित्यातला जाणकारच हवा असं नाही. "इथं मला कंटाळा आला" आणि "इथं काय झालं ते कळलं नाही" एवढं भीड न ठेवता सांगणारा माणूस पुरतो. ती "कोण लेखक झालंय ओ" म्हणणारी मैत्रीण मला या कामाला चांगली वाटते.

एखादं वाचायचंच असेल तर आता उपदेशाचं नको, लेखकानं स्वतःच्या लिहिण्याबद्दल लिहिलेलं वाचा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'प्रवास एका लेखकाचा' बघा. त्यांचा माणदेश आपल्या सांगोल्याला लागूनच, माणसंही आपल्याकडच्यासारखी, आणि ती कागदावर कशी आली हे त्यांच्याच तोंडून कळतं. विकत घेऊ नका, हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. वाचून झालं की त्यांच्या एखाद्या व्यक्तिचित्राचं एक पान हातानं उतरवून काढा. माणसाच्या गुणांची विशेषणं किती आहेत आणि तो काय करतो याची क्रियापदं किती आहेत, ते मोजा. लेखनकलेच्या चार प्रकरणांइतकं त्या एका पानातून मिळतं, असं माझं मत आहे.

याच्या उलट दुखणं असलेलेही मला लिहितात. तीनशे पानांची कादंबरी तयार आहे, पण लिहिण्यावरचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, उघडलं तर आपली शैली बिघडेल म्हणून. त्यांना मी म्हणेन, उघडा. शैली इतकी नाजूक असेल तर ती संपादकाच्या हाताखालीही टिकणार नाही.

शेवटी तुम्ही ता. क. मध्ये विचारलंय: वडील ऐंशीच्या घरात आहेत, मराठी वाचत नाहीत, आपण त्यांच्यावर लिहितोय हे त्यांना सांगावं का? पहिला खर्डा पुरा होईपर्यंत नको. सांगितलंत की ते काय लिही आणि काय नको ते सुचवू लागतील, आणि तुम्ही पुन्हा 'अत्यंत कष्टाने' वर याल. मात्र मागाबद्दल त्यांना आत्ताच विचारून घ्या: पाळी किती तासांची असायची, मजुरी कशावर ठरायची, धागा तुटला की काय करायचे, कान कधीपासून कमी ऐकू यायला लागले. लिहून झालं की एखाद्या दुपारी तेलुगूत सांगून ऐकवा. मालकाचं किंवा उसनवारी केलेल्या नातेवाइकांचं नाव आलं असेल आणि वडील नको म्हणाले, तर नाव बदला. प्रसंग तसाच ठेवा.